मेमरी क्लासला २४ हजार घालवले, तुम्ही घालवू नका

मुलगा सातवीत गेला तेव्हाची गोष्ट. मंगल कार्यालयात फ्री डेमो होता. लोकांनी ओरडून ४० शब्द सांगितले, सरांनी फळ्याकडे पाठ करून सगळे सुलट म्हणून दाखवले आणि मग उलट पण. बायको म्हणाली अहो आपल्या पोराला हे आलं तर इतिहासाचं टेन्शनच जाईल, आणि आम्ही तिथल्या तिथे २४ हजार भरले. "फोटोग्राफिक मेमरी" देणार होते.

मग नॅशनल कॉम्पिटिशन निघाली, तिचे साडेतीन हजार वेगळे. पोराने ६० आकडे धडाधड म्हटले, गोल्ड मेडल. पण बघतो तर हॉलमधल्या प्रत्येक पोराच्या गळ्यात गोल्डच!

घरी पाहुणे आलेले, मी कौतुकाने नवीन २० आकडे कागदावर लिहून दिले. पाचव्यालाच अडकला. कान लाल झाले, हळूच म्हणाला, "बाबा, क्लासमधली शीट द्या ना, तीच येते." तीन महिने घोकून घेतलेली शीटच स्पर्धेत आली होती. पैशापेक्षा पोराचा तो चेहरा जास्त लागला हो.

नंतर वाचत बसलो. वर्ल्ड मेमरी चॅम्पियनशिप १९९१ पासून आहे, तिथे आकडे आणि पिसलेले ५२ पत्ते पहिल्यांदाच समोर येतात, घड्याळ लावून. ८ वेळा जिंकलेला डॉमिनिक ओब्रायन स्वतः सांगतो की हे सगळं सरावाने आलंय. २०१७ च्या एका अभ्यासात साध्या लोकांनी रोज अर्धा तास असे ४० दिवस सराव केला तर ७२ पैकी सरासरी २६ शब्दांवरून ६२ वर गेले. आणि पद्धत काय, तर ओळखीच्या घरात एकेक वस्तू ठेवत जायची. चपलांच्या स्टँडवर म्हैस, देव्हाऱ्यात टायर, माठात छत्री, मग मनातल्या मनात दारापासून चालत यायचं, परसातून चाललं की उलट. सरांनी स्टेजवर बहुतेक हेच केलेलं. आम्ही एका रविवारी दुपारी बसलो, पोराने २० शब्द न चुकता सांगितले, एक रुपया खर्च नाही.

डेमोला गेलातच तर त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याला तुमच्या हाताने लिहिलेले आकडे द्या, तिथेच, सगळ्यांसमोर.

फी परत मागितली तर पावतीच्या मागचं बारीक अक्षर दाखवलं, "फी परत मिळणार नाही". १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार केलीय. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या केसला फी नाही, तिकडेही जाणार आहे. त्या बॅचमधलं कोणी वाचत असेल तर पावती जपून ठेवा आणि मला मेसेज करा, एकत्रच जाऊ.