सामारियाची घळई, क्रीट: वरच्या जंगलासाठी वेळ राखून उतरावी अशी वाट

ग्रीसच्या क्रीट बेटावरील सामारियाची घळई मी गेल्या मे महिन्यात दोनदा उतरले. पहिल्या वेळी एका सहल कंपनीच्या बसमधून, पन्नासेक जणांच्या घोळक्यात गेले होते. तीन दिवसांनी धाकट्या भावाबरोबर हानिया शहरातून पहाटे सुटणाऱ्या सार्वजनिक बसने पुन्हा गेले. वाट तीच आणि अंतरही तेच असूनही दोन्ही दिवसांत इतका फरक पडला की, या वाटेबद्दल लिहायचे तर तो फरक आधी सांगायला हवा. बहुतेक लोक तळाच्या ‘दरवाजां’कडे, म्हणजे दोन्ही कडे अगदी जवळ येतात त्या अरुंद जागेकडे, डोळे लावून धावत सुटतात आणि ज्या जंगलासाठी हे राष्ट्रीय उद्यान जपले जाते, त्या जंगलातून खाली मान घालून निघून जातात. पहिल्या दिवशी माझेही तसेच झाले. आमच्या कंपनीच्या माणसाने बस थांबताच बजावले होते, की पाहण्यासारखे सारे खाली आहे, वर रेंगाळू नका. या सल्ल्यापायी माझा निम्मा दिवस वाया गेला, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

वाटेची सुरुवात ओमालोस पठाराच्या कडेला, सुमारे 1,230 मीटर उंचीवर होते आणि शेवट लिबियन समुद्राच्या काठी आयिया रूमेली या गावात होतो. एकूण चाल 16 किलोमीटरांची असून त्यांपैकी 13 किलोमीटर उद्यानाच्या हद्दीत येतात. सुरुवातीच्या जागेला क्सिलोस्कालो, म्हणजे लाकडी शिडी, असे नाव आहे, कारण पूर्वी गावकरी झाडांच्या खोडांची शिडी रचून येथून ये-जा करीत. आता तेथे दगड बसवलेली नागमोडी वाट आणि लाकडी कठडा आहे. एकूण उंचीपैकी जवळजवळ निम्मी उंची पहिल्या चार किलोमीटरांतच उतरावी लागते, त्यामुळे खरी परीक्षा होते ती गुडघ्यांची आणि पोटऱ्यांची. सह्याद्रीतल्या नाळा, म्हणजे उभ्या अरुंद घळी, उतरण्याची मला सवय आहे आणि सुट्या दगडमातीच्या घसाऱ्यावर पाय कसा टाकायचा हेही अंगवळणी पडले आहे. पण येथे त्रास निराळाच होतो. हजारो बुटांनी घासून चुनखडीचे दगड इतके गुळगुळीत झाले आहेत की कोरड्या दिवसातही टाच टेकली की पाय पुढे सरकतो. काठी अवश्य न्यावी, आणि तळव्याची नक्षी झिजलेले बूट घालून येथे मुळीच येऊ नये.

आता जंगलाविषयी. आपल्याकडे सरू म्हटले की मोगल बागांतला, खांबासारखा सरळ आणि टोकदार वृक्ष डोळ्यांसमोर येतो. (कोकणच्या किनाऱ्यावरचा सुरू हा अर्थातच वेगळा.) क्रीटच्या डोंगरातला रानटी सरू मात्र फांद्या आडव्या पसरतो, आणि म्हाताऱ्या झाडांचा विस्तार पाहून हा तोच वृक्ष आहे यावर विश्वास बसत नाही. दुसऱ्या खेपेस आम्ही पहिल्या वळणांवरच अशा एका झाडापाशी बसलो. त्याची करडी साल उभ्या धाग्यांनी सुटत होती आणि खोड पिळलेल्या सुंभासारखे स्वतःभोवती फिरले होते. बोटाने दाबलेल्या हिरव्या फळाचा राळेचा वास हात धुतल्यावरही गेला नाही. भाऊ म्हणाला, “ताई, परवा तू इथूनच गेलीस ना? मग हे झाड सांगितलं का नाहीस?” मी ते पाहिलेच नव्हते. सरूच्या जोडीला येथे पाइन आहेत, कडेकपारींत काटेरी पानांचे ओक आहेत आणि वरच्या अंगाला, ओमालोसच्या बाजूस, आंबेलित्सिया हा क्रीटशिवाय जगात कोठेही निसर्गतः न उगवणारा वृक्ष आढळतो. त्याच्या चिवट लाकडापासून मेंढपाळांच्या वाकड्या मुठीच्या काठ्या करतात. कड्यांच्या फटींतून दिक्तामो नावाची लोकरीसारख्या मऊ पानांची औषधी वनस्पती उगवते. तीही याच बेटाची. ती खुडण्यासाठी क्रीटचे लोक पिढ्यान् पिढ्या जीव धोक्यात घालून कडे चढत आले. मे महिन्याच्या सुरुवातीला गेल्यास पाइनच्या सावलीत रानटी पिओनीची मोठी पांढरी फुले दिसण्याचा संभव असतो. आम्हाला एकच झुडूप दिसले, आणि तेही पाकळ्या झडू लागलेले. समोर गिंगिलोस या डोंगराचा 2,080 मीटरांचा कातळ सकाळच्या उन्हात आधी राखाडी आणि मग पिवळसर होत गेला, आणि आम्ही तेथून उठलो तेव्हा दीड तास उलटून गेला होता.

सोयींबाबत लिहायचे तर वाटेवर ठिकठिकाणी झऱ्याच्या पाण्याचे नळ आहेत, त्यामुळे एकच लिटरची बाटली भरत भरत नेली तरी पुरते. विसाव्याच्या जागी बाके आणि स्वच्छतागृहे आहेत. खाण्याचे काहीही उद्यानात विकत मिळत नाही. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती आणि ती अगदी योग्य ठरली. प्रवेशाच्या वेळी घेतलेले तिकीट शेवटपर्यंत जपून ठेवावे लागते, कारण बाहेर पडताना ते पाहिले जाते आणि संध्याकाळी घळईत कोणी मागे राहिले आहे का याचा हिशेब त्यावरून लागतो. मला ही पद्धत फार मोलाची वाटली. मुक्काम करणे, जाळ करणे आणि ओढ्यात डुंबणे यांना मनाई आहे, आणि उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या या जंगलात आगीची भीती किती मोठी असते हे लक्षात घेता नियमांचा काच वाटू नये. वाट साधारणपणे मेपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत खुली असते. पाऊस किंवा फार कडक ऊन असेल त्या दिवशी ती बंद ठेवतात, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करूनच निघावे.

साधारण मध्यावर सामारिया हे ओस पडलेले गाव लागते. 1962 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले तेव्हा येथील कुटुंबांना दुसरीकडे हलवण्यात आले. दगडी घरे, ऑलिव्हची झाडे आणि ओसिया मारिया या संत स्त्रीचे छोटे चर्च एवढे उरले आहे. तिच्याच नावावरून गावाला आणि घळईला नाव पडले. ज्याला स्थानिक लोक आग्रिमी म्हणतात आणि बाहेरचे क्री-क्री म्हणून ओळखतात, तो रानबोकड आम्हाला येथेच दिसला. त्याचे संरक्षण हा उद्यान स्थापन होण्यामागचा एक मुख्य हेतू होता. तो माणसांना बुजत नाही, म्हणून त्याला खाऊ घालण्याचा मोह होतो, तो टाळावा. पाय मुरगळलेल्यांना बाहेर नेण्यासाठी खेचरांची सोय आहे. पहिल्या दिवशी आमच्याच घोळक्यातील एका बाईंवर खेचरावर बसण्याची पाळी आली, कारण कंपनीने त्यांना साध्या सँडल चालतील असे सांगितले होते.

गावानंतर वाट ओढ्याच्या पात्रात शिरते आणि गोट्यांवरून चालणे सुरू होते. काही टप्प्यांवर दरड कोसळण्याचा इशारा देणाऱ्या पाट्या आहेत; तेथे छायाचित्रे काढत थांबू नये, पावले उचलावीत. पोर्तेस, म्हणजे दरवाजे, येथे दोन्ही कडे जेमतेम चार मीटरांवर येतात आणि भिंती सुमारे 300 मीटर उंच उठतात. ज्यांनी सांधण दरी पाहिली आहे त्यांना फटीत शिरल्याची ती जाणीव ओळखीची वाटेल, पण येथे पायाखाली वाहते पाणी आणि त्यावर लाकडी फळ्यांचा पूल आहे. जागा भव्य आहे यात शंका नाही. मात्र दुपारी तेथे रांग लागते, आणि रांगेत उभे राहून कडे पाहावे लागतात.

उद्यानाबाहेरचे शेवटचे तीन किलोमीटर उघडे, उन्हाचे आणि कंटाळवाणे आहेत. आयिया रूमेलीत पोहोचल्यावर आधी बोटीचे तिकीट काढावे, कारण या गावाला मोटाररस्ता नाही आणि सूगिया किंवा होरा स्फाकिओनला नेणारी संध्याकाळची बोट चुकली तर मुक्काम करावा लागतो. शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही: जवाच्या कडक पावावर किसलेला टोमॅटो, ताजे चीज आणि ऑलिव्ह तेल घातलेला दाकोस पोटभरीचा असतो, आणि उकडलेल्या रानभाजीवर लिंबू पिळून देतात.

गुडघ्यांची जुनी दुखणी असलेल्यांनी आणि लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी पूर्ण वाटेचा हट्ट धरू नये. क्सिलोस्कालोपासून तासभर खाली उतरून त्याच वाटेने परत चढले तरी उत्तम जंगल पदरात पडते. धडधाकट माणसाने मात्र सहल कंपनीच्या वेळापत्रकाला बांधून न घेता स्वतः जावे. आम्ही पुन्हा गेलो तर आदल्या रात्री ओमालोसलाच मुक्काम करणार आहोत, म्हणजे शहरातल्या बसगाड्या पोहोचण्याआधी, दार उघडताच त्या सरूखाली जाऊन बसता येईल.