मऊ ॲक्च्युएटर: फिल्म घ्यावी, एलसीई की चुंबकी सिलिकॉन?

मऊ रोबोट करायचा म्हटलं की त्याला हलवणारा भाग, म्हणजे ॲक्च्युएटर, म्हणून आधी हवेवर चालणारी बोटं आठवतात. सिलिकॉन रबर साच्यात ओतायचं, आत पोकळ कप्पे ठेवायचे, हवा भरली की बोट वाकतं. हार्वर्डमध्ये जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने 2011 मध्ये असाच चार पायांचा सरपटणारा रोबोट दाखवला होता. पण पंप, वॉल्व्ह आणि नळ्यांचं वजन धरलं तर नाकापेक्षा मोती जड. नळीचं लोढणं नको असलेले लोक मग 'मल्टी-स्टिम्युली' पदार्थांकडे वळतात, म्हणजे प्रकाश, उष्णता, ओलावा, वीज, चुंबक यांतल्या दोन-तीन गोष्टींनी हलणारे पदार्थ. अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टसाठी किंवा छोट्या लॅबसाठी त्यांतले तीन पर्याय खरोखर विचारात घेण्यासारखे आहेत: तापल्यावर वाकणारी दोन थरांची फिल्म, एलसीई नावाचं आखडणारं रबर आणि चुंबकी सिलिकॉन.

निवड करताना 'किती गोष्टींना प्रतिसाद देतो' हा आकडा सरळ बाजूला ठेवा. पदार्थाच्या आत वेगवेगळ्या यंत्रणा किती, एवढंच विचारा. इन्फ्रारेड दिवा, विजेचा प्रवाह आणि हॉट प्लेट या तिन्हींनी एखादी फिल्म वाकत असेल, तर बहुतेक वेळा ती तिन्हींमुळे फक्त तापते आहे. शेगडी एकच, बटणं तीन. अशा फिल्ममध्ये प्रकाशाने एक हालचाल आणि विजेने दुसरी, असं स्वतंत्र नियंत्रण मिळत नाही.

सगळ्यात स्वस्त पर्याय म्हणजे ही दोन थरांची फिल्म. एक थर तापल्यावर खूप पसरणारा, दुसरा जवळजवळ न पसरणारा. पीडीएमएस हे सिलिकॉन दर अंशाला दहा लाखात सुमारे 310 भाग पसरतं, कॅप्टॉन ही प्लास्टिकची फिल्म सुमारे 20. मध्ये ग्राफीन किंवा कार्बन नॅनोट्यूबचा काळा थर दिला की तोच हीटर होतो आणि प्रकाशही तोच शोषतो. यामागचं गणित तिमोशेन्को यांनी 1925 मध्येच थर्मोस्टॅटच्या द्विधातू पट्टीसाठी मांडून ठेवलंय: पट्टी जितकी पातळ, तितकी जास्त वाकते. पण पातळ केली की जोर झपाट्याने घटतो. या फिल्मच्या व्हिडिओत बहुतेकदा फुलाच्या पाकळ्या उघडतात, वजन उचललेलं क्वचित दिसतं, त्याचं कारण हेच.

हात बसवायला एक घरगुती आवृत्ती आहे. साध्या कागदावर मऊ पेन्सिलने यू आकाराचा जाड पट्टा गिरवायचा, कागदाला खोक्यांवर लावतात ती बीओपीपी टेप चिकटवायची आणि पट्ट्याच्या दोन टोकांना तांब्याची टेप लावून प्रवाह द्यायचा. ग्राफाइट तापतं, टेप पसरते, कागदातला ओलावा उडून कागद आक्रसतो आणि पट्टी कागदाच्या बाजूला वळते. पेन्सिलच्या पट्ट्याचा रोध किलो-ओहमच्या घरात जातो, त्यामुळे मोबाइल चार्जरच्या 5 व्होल्टवर फारसं काही हलत नाही. शिवाय प्रवाह बंद केल्यावर पट्टी लगेच पूर्ववत होत नाही, कागदाने हवेतून ओलावा परत घ्यावा लागतो. म्हणजे इथे दोन यंत्रणा आहेत खऱ्या, पण एकमेकींच्या पायात पाय घालणाऱ्या. मुंबईत किंवा रत्नागिरीत जुलैमध्ये बसवलेला शून्यबिंदू, म्हणजे पट्टीची मूळ स्थिती, मे महिन्यात तसाच राहील, अशी आशा ठेवू नका. कॅमेऱ्याने किंवा ताण मोजणाऱ्या स्ट्रेन सेन्सरने पट्टी किती वाकली याचा फीडबॅक घेणार नसाल, तर ओलावा शोषणारा थर टाळा आणि पीडीएमएस-कॅप्टॉनवर राहा.

दुसरा पर्याय लिक्विड क्रिस्टल इलॅस्टोमर, म्हणजे एलसीई. यातले दांड्यासारखे रेणू एका दिशेने रचलेले असतात. तापल्यावर ती रचना विस्कटते आणि पदार्थ त्या दिशेने 30-40 टक्के आखडतो. आपला स्नायू साधारण 20 टक्के आखडतो, त्यामुळे कृत्रिम स्नायू म्हणून मिरवायचा हक्क याचाच. हा पाकळीसारखा नुसता वाकत नाही, ओढतो. त्यात ॲझोबेंझीन घातलं तर प्रकाशाची खरी वेगळी यंत्रणा मिळते, कारण तिथे उष्णता नव्हे, रेणूचा आकारच बदलतो. 2003 मध्ये इकेदा यांच्या गटाने ध्रुवीकृत प्रकाशाची दिशा फिरवून फिल्म हव्या त्या दिशेला वाकवून दाखवली होती. अडचण बनवण्यात आहे. आरएम-257 सारखं रसायन महाग पडतं आणि रेणू अर्धवटच जोडलेली पट्टी ताणून धरून यूव्हीखाली पक्की करावी लागते. ती रचना नीट झाली नाही तर हातात नुसतं महागडं रबर उरतं. तापणं झटपट, थंड होणं संथ. त्यामुळे वेगवान चालीची अपेक्षा नको.

वेग हवा तर तिसरा पर्याय: निओडिमियमच्या चुंबकाची भुकटी मिसळलेलं सिलिकॉन. बाहेरचं चुंबकी क्षेत्र बदललं की मिलिसेकंदांत हालचाल, तीही बंद डब्यातून किंवा पाण्यातून. मेतिन सिट्टी यांच्या गटाचा 2018 चा काही मिलिमीटरचा रोबोट याच पदार्थावर पोहायचा, रांगायचा आणि उडी मारायचा. मेख अशी की हे क्षेत्र तयार करणाऱ्या कॉइलपासून लांब गेलात की ते अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतं. रोबोट नखाएवढा, त्याला हलवणारी कॉइल मात्र टेबलभर. भुकटीला कायमचं चुंबकत्व द्यायला तीव्र पल्स देणारं यंत्र लागतं. ते नसेल तर कार्बोनिल लोखंडाची भुकटी चालते, पण मग पट्टी बहुतेक वेळा चुंबकाकडे ओढली जाते, एवढंच. निओडिमियमची बारीक भुकटी हवेत पेटूही शकते, हे विकत घेण्याआधी लक्षात असू द्या.

मला स्वतःला खरी मल्टी-स्टिम्युली वाटते ती दोन कामं वाटून घेणारी रचना. 2020 मध्ये शेप मेमरी पॉलिमरमध्ये, म्हणजे तापल्यावर मऊ होणाऱ्या आणि थंड झाल्यावर दिलेला आकार धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकमध्ये, दोन प्रकारचे चुंबकी कण घालून असं केलं गेलं: उच्च वारंवारतेच्या क्षेत्राने लोहऑक्साइडचे कण तापून पदार्थ मऊ होतो, दुसऱ्या क्षेत्राने निओडिमियमचे कण त्याला वळवतात आणि थंड झाल्यावर आकार तसाच घट्ट राहतो. म्हणजे पकडून ठेवायला वीज लागत नाही. फिल्म आणि एलसीई दोन्हींना पकड टिकवायची तर साधारणपणे सतत तापत राहावं लागतं.

तेव्हा सहा महिने आणि बेताचं बजेट असेल तर पीडीएमएस-कॅप्टॉन फिल्म घ्या आणि फीडबॅकवर मेहनत करा. केमिस्ट्री विभागात ओळख असेल, यूव्ही दिवा आणि रसायनांची वाफ ओढून घेणारा फ्यूम हूड मिळत असेल, तर एलसीई. चुंबकी सिलिकॉन तेव्हाच, जेव्हा रोबोट बंद जागेत जाणार आहे आणि कॉइल त्याच्या जवळ ठेवता येणार आहे. आणि टोमॅटो उचलणारा ग्रिपर एवढंच करायचं असेल, तर यांतलं काहीच नको. हवेचीच बोटं ओता, पंप टेबलाखाली ठेवा.