होक्कियनचा शनिवारचा क्लास: आजी-आजोबा फुकट

होक्कियन म्हणजे इथल्या बऱ्याच चिनी घरांतली जुनी बोली, तिच्या मुलांसाठीच्या क्लासचा हा रिव्ह्यू. आधीच सांगते, क्लासचं नाव लिहिणार नाहीये. पुढे थोडी किरकिर आहे आणि चालवणारी माणसं मोजून चार, उगाच त्यांच्या पोटावर पाय नको. सिंगापुरात आहे, दर शनिवारी सकाळी दहा ते साडेअकरा, आठ शनिवारांचे २४० डॉलर, मूल आणि एक पालक धरून, आणि आजी-आजोबांना आणलंत तर ते फुकट. हे फुकटचं वाक्य लक्षात ठेवा, सगळा रिव्ह्यू त्याच्यावरच उभा आहे.

जागा म्हणजे एका जुन्या मंडळाच्या इमारतीतली वरची खोली. चीनमधल्या एकाच गावाकडून, एकाच आडनावाने आलेल्या लोकांची अशी मंडळं इथे खूप आहेत, गिरगाव-परळला कोकणातल्या गावांच्या खोल्या असायच्या ना, नव्याने मुंबईत उतरलेला माणूस आधी तिथे ट्रंक टाकायचा, तसलाच प्रकार. आता तिथे म्हातारे लोक माहजाँग खेळतात आणि वर आमचा क्लास. लिफ्ट नाही. एसी मात्र असा की स्वेटर न्याच.

आता आम्ही तिकडे गेलो कशाला, तर आमच्या घरी भाषांची खिचडी आहे. मी डोंबिवलीची, नवरा इथलाच चिनी, सासूबाई होक्कियन, लेक सात वर्षांची, यंदा पी-वनला, म्हणजे पहिलीला गेली. माझ्याशी मराठी बोलते, म्हणजे मी मराठीत विचारते आणि ती 'आई, मी होमवर्क फिनिश केला' छापाचं उत्तर देते. बाबाशी इंग्लिश, शाळेत इंग्लिश आणि मँडरिन, म्हणजे प्रमाण चिनी. आणि आजीशी, म्हणजे तिच्या आ-माशी, मोडकं मँडरिन. मोडकं दोन्ही बाजूंनी, कारण सासूबाईंचं मँडरिन म्हणजे माझ्या आईचं इंग्लिश, टीव्ही बघून बघून मोठेपणी आलेलं. त्यात भाजी मिळते, औषध मिळतं, पण नातीला गोष्ट सांगता येत नाही.

शाळेत या विषयाचं नाव 'मातृभाषा' आहे बरं का. चिनी मूल असेल तर मँडरिन, मग घरात होक्कियन बोलत असोत, तेओच्यू, कँटोनीज, हाक्का, काहीही असो. आमच्यासारख्या मिक्स घराला निवड असते, आम्ही मँडरिन घेतलं. आपली इथली मराठी पोरं कागदोपत्री मातृभाषा म्हणून बहुतेक हिंदी घेतात, कारण तमिळ सोडून हिंदी, पंजाबी, बंगाली, गुजराती, उर्दू एवढ्याच भारतीय भाषा चालतात, मराठी त्यात नाही. आपल्या मराठी मंडळाच्या गणपतीत कोणी विचारलं की सासूबाईंचं हे होक्कियन प्रकरण नक्की काय आहे, तर मी एवढंच सांगते की तुमच्या पोराची शाळेतली मातृभाषा हिंदी आहे ना, तसंच. पटकन कळतं सगळ्यांना.

तरी आपलं घरचं मराठी कोणी बंद करायला सांगितलं नाही. इथल्या चिनी लोकांना त्यांच्या बोलींचं सांगितलं होतं. १९७९ साली तेव्हाचे पंतप्रधान ली क्वान यू यांनी 'मँडरिन बोला' मोहीम काढली, मँडरिन जास्त बोला, बोली कमी बोला अशी सरळ घोषणाच होती, कारण काय तर पोराच्या डोक्यावर इंग्लिश, मँडरिन आणि वर घरची बोली असं तिहेरी ओझं झेपणार नाही. पुढच्या दोन-तीन वर्षांत टीव्ही-रेडिओवरून होक्कियन वगैरे हटवलं, हाँगकाँगच्या कँटोनीज मालिकासुद्धा मँडरिनमध्ये डब करून दाखवायला लागले. आणि हेच ली क्वान यू १९६१च्या पोटनिवडणुकीसाठी स्वतः घासून होक्कियन शिकले होते! असो. होक्कियन वगैरेंना बोली म्हणतात खरं, पण मँडरिन येणाऱ्याला होक्कियन कळत नाही, आपल्या मराठी-मालवणीइतकं जवळचं अजिबात नाही ते. २०१०च्या जनगणनेत घरी मुख्यतः चिनी बोली बोलणारे १४.३ टक्के होते, २०२०ला ८.७.

ती मोहीम निघाली तेव्हा सासूबाई चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षात होत्या. पुढे माझा नवरा जन्मला तेव्हा त्यांनी ठरवून त्याच्याशी मँडरिन धरलं, पोराचं नुकसान नको म्हणून. म्हणजे स्वतःला नीट न येणाऱ्या भाषेत पोर वाढवलं! मी हे ऐकून आधी हसले आणि मग गप्पच बसले, कारण माझी आजी कुडाळची, ती 'जेवलंस काय गो' म्हणायची आणि माझी आई मला मागून दटवायची, तू नीट बोल हां, शाळेत हसतील.

तर क्लास. शिकवणारी ताई तिशीतली, स्वतः मोठेपणी परत शिकलेली, त्यामुळे पोरांचं कुठे अडतं ते तिला बरोबर माहीत. पहिले दोन शनिवार नुसती गाणी आणि 'च्याह् पा बुए?', म्हणजे जेवलात का, जे इथे 'कसे आहात'च्या जागी विचारतात. तिसऱ्या शनिवारी खरी मजा. तिने फळ्यावर तीन चित्रं काढली, मटणाचा तुकडा, शंभराची नोट आणि एकाला दुसरा मारतोय. तिन्हीचे शब्द वरवर सारखेच, फरक फक्त पहिल्या आवाजाचा. बाकी पोरं जाम अडकली, कारण मँडरिनमध्ये 'ब' असा नाहीच, त्यांच्या रोमन स्पेलिंगमध्ये 'ब'चं अक्षर लिहितात पण म्हणतात जवळपास 'प'. मी मागे बसून वहीत लिहिलं: बाह् मांस, पाह् शंभर, फाह् मारणे. फ म्हणजे फळातला फ, फॅनमधला नव्हे. तीन अक्षरं, विषय संपला! लेकीला वही दाखवली, तिने एका दमात तिन्ही म्हटले आणि ताई चक्क माझ्या वहीचा फोटो काढून घेऊन गेली.

मग मला नादच लागला. मराठीत दोन 'च' आहेत ना, चाकातला वेगळा आणि चिंचेतला वेगळा? होक्कियनमध्ये दहाला चाप् म्हणतात, तो चाकातला च. एकला चित्, तो चिंचेतला. पुढे 'इ' आली की च मऊ होतो, आपल्यासारखंच! तीनला सां, अनुस्वार नाकातून. पाचला गो, स्वच्छ ग. मी एवढी वर्षं उगाच रोमन वाचून जीभ वाकडी करत होते, देवनागरीत लिहिलं की निम्मं काम होतं. निम्मंच, कारण सूर राहतात, म्हणजे शब्द कुठल्या चढ-उतारात म्हणायचा ते, तो बदलला की अर्थच बदलतो. सूर सात आहेत, आणि शब्द वाक्यात पुढे-मागे झाला की त्याचा सूर बदलतो, त्याचा नियम मला आठ शनिवारांत कळला नाही. ताई नियम सांगत पण नाही, अख्खं वाक्य पाठ करून घेते, पोरांना ते जमतं, आपण बसतो आलेख काढत.

आता किरकिर. पहिली, पुस्तिका. रंगीत आहे, कागद छान आहे, पण मजकूर तैवानचा उचललाय आणि इथलं होक्कियन वेगळं, दीडशे-दोनशे वर्षं मलय लोकांच्या शेजारी राहून त्यात मलय शब्द मुरलेत. पुस्तिकेत ब्रेडला 'फांग्'. सासूबाई म्हणे हे काय, लो-ती म्हणतात. लो-ती म्हणजे आपली रोटी हो! इकडून मलयमध्ये गेली, तिथून होक्कियनमध्ये. आणि तैवानचं फांग् म्हणजे पोर्तुगीजांचा पाव, जपानवरून फिरून आलेला, म्हणजे तो पण आपल्या ओळखीचाच. साबणाला साप्-बुन्, इथे दोघांचं एकमत. पैशाला पुस्तिकेत एक शब्द, सासूबाईंच्या तोंडी 'लुइ'. पाचव्या शनिवारी एका आजोबांनी यावरून ताईशी पंधरा मिनिटं हुज्जत घातली, पोरं कंटाळून टेबलाखाली. अरे, इथल्या पोरांना इथल्या आजीशी बोलायचंय ना, मग इथलेच शब्द छापा की. ताईला सांगितलं तर म्हणाली, छापलेलं तयार साहित्य तिकडचंच मिळतं. असेल.

दुसरी, सगळं चिनी अक्षरांत. सात वर्षांच्या पोराला शाळेत तीच अक्षरं मँडरिनमध्ये वाचायला शिकवतायत, इथे तेच अक्षर वेगळं वाचा म्हणतात, लेकीने दोनदा रडून घेतलं. तिसरी, सहाव्या शनिवारी ताई आजारी पडली आणि बदली आलेल्या माणसाने अख्खा तास मोबाइलवर व्हिडिओ लावून काढला. त्याचे पैसे परत नाहीत, विचारलं मी.

पण ते फुकट आजी-आजोबा! सासूबाई आधी येतच नव्हत्या. होक्कियनचा क्लास? पैसे देऊन? आमच्या वेळी हे बोललं की लोक अडाणी समजायचे, म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर अगदी माझ्या आईचं 'शाळेत हसतील' होतं. शेवटी फुकट आहे म्हटल्यावर आल्या (सासूबाई कुठल्याही देशातल्या असोत, फुकटला नाही म्हणत नाहीत). पहिल्या दिवशी मागे खुर्चीत बसून होत्या. दुसऱ्या दिवशी ताईने त्यांना विचारलं की तुमच्याकडे हे कसं म्हणतात, आणि त्या उठून उभ्या राहिल्या. शाळेत बाई विचारतात तेव्हा उभं राहतात तशा, सत्तरीत. चौथ्या शनिवारपासून ताई अडली की आधी यांच्याकडे बघायची.

आणि बदल झाला तो क्लासात नाही, घरी. चाळीस-पंचेचाळीस वर्षांची सवय आहे, लहान मूल दिसलं की यांची जीभ आपोआप मँडरिनवर जाते. आता लेक मध्येच थांबवते, आ-मा, होक्कियनमध्ये सांग. मग आधी एक सेकंद शोधतात, आणि मग जे सुटतात! परवा रात्री कसलीशी भुताची गोष्ट चालली होती, मला चार शब्द कळले, लेकीला दहा-बारा कळले असतील, पण ती त्यांच्या दंडाला चिकटून बसली होती. नवरा दारात उभा राहून ऐकत होता, ही गोष्ट मला कधी नाही सांगितली म्हणाला. त्याचं होक्कियन बिचाऱ्याचं सगळं लष्करात शिकलेलं, इथे मुलांना सक्तीची लष्करी सेवा असते ना, तिथलं, त्यामुळे त्याला शिव्या अस्खलित येतात आणि बाकी काही नाही. त्याला क्लासला बोलायला सक्त मनाई केली आहे.

कोणी जावं? घरात बोलणारं म्हातारं माणूस असेल तर डोळे झाकून जा, आणि त्याला घेऊनच जा. नसेल तर एवढे पैसे घालू नका, आठ शनिवारांत पोराला गाणी आणि आकडे येतील, महिन्याभरात विसरेल. दोन भाषांत आधीच गोंधळलेलं मूल असेल तर पुस्तिका घरी उघडू नका, नुसतं ऐकू द्या. पाचपैकी साडेतीन स्टार देते, राहिलेले दीड पुस्तिकेने खाल्ले.

शेवटच्या शनिवारनंतर आम्ही थेट तेक्का मार्केटला गेलो, मला बांगडे हवे होते. हे तेक्का नावच होक्कियन आहे, बांबूच्या पायथ्याशी असा अर्थ, १९८२ला नवी इमारत झाली तेव्हा नावाचं मँडरिन करून झूज्याओ केलं होतं, लोकांना ते काही पचलं नाही, २०००ला परत तेक्का. तर तिथे लेकीने पुढे होऊन म्हाताऱ्या मासेवाल्याला विचारलं, जुआ लुइ? किती पैसे? त्याने तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि इंग्लिशमध्ये म्हणाला, ट्वेल्व्ह डॉलर. सासूबाई अशा काही खेकसल्या त्याच्यावर की बाजूचा कोळंबीवालासुद्धा दचकला. मग मासेवाला हसत हसत म्हणाला, चाप्-जी. लेकीचा चेहरा पडला, दहा माहीत, दोनला तर नङ् शिकवलेलं, आई, 'जी' कोण? तर दहाच्या पुढे गेलं की दोनचा जी होतो म्हणे, आणि क्लासने आठ शनिवारांत दहाच्या पुढे नेलंच नव्हतं. पुढच्या बॅचमध्ये आहे असं ताई म्हणते. पैसे भरलेत.