जनुके, मेंदू की उत्क्रांती : वर्तनाचा अभ्यास कोणत्या बाजूने सुरू करावा?

माणूस असा का वागतो, या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास करू इच्छिणाऱ्या बडोद्यातील विद्यार्थ्याला पहिला निर्णय फार लवकर घ्यावा लागतो. महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्राणिशास्त्र विज्ञान शाखेत आहे, तर मानसशास्त्र शिक्षणशास्त्राच्या जोडीने वेगळ्या शाखेत. त्यामुळे जनुके, मेंदू आणि उत्क्रांती यांपैकी कोणत्या बाजूने या प्रश्नाला भिडायचे, हे विषयाची नीट ओळख होण्याआधीच जवळजवळ ठरून जाते. पुढील तुलना अशा विद्यार्थ्यासाठी, आणि नोकरी सांभाळून स्वतःच्या समाधानासाठी वाचणाऱ्या प्रौढांसाठीही आहे.

या तीन बाजू एकाच प्रश्नाची तीन प्रतिस्पर्धी उत्तरे आहेत असे समजून निवड केली, तर ती हमखास चुकते. प्राणिवर्तनाचे अभ्यासक निको टिनबर्गन यांनी 1963 मध्ये दाखवून दिले की कोणत्याही वर्तनाबद्दल चार वेगळे प्रश्न विचारता येतात : ते घडवणारी यंत्रणा कोणती, ते एका जीवाच्या आयुष्यात कसे विकसित झाले, त्याचा जगण्याला उपयोग काय, आणि पूर्वजांपासून ते कसे उत्क्रांत होत आले. तान्हे बाळ रडताच आई झोपेतून जागी होते, तेव्हा तिच्या मेंदूत काय घडते, सगळ्याच आया सारख्या चटकन जाग्या का होत नाहीत, आणि सस्तन प्राण्यांत ही ओढ मुळात का टिकली, हे तिन्ही प्रश्न खरे आहेत. त्यांपैकी एकाचे उत्तर मिळाले म्हणून दुसरा निकालात निघत नाही.

जनुकांची बाजू मुख्यतः माणसामाणसांतील फरकांविषयी बोलते. जुळ्या भावंडांवरील पन्नास वर्षांच्या संशोधनाचा 2015 मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा 17,804 गुणवैशिष्ट्यांसाठी आनुवंशिकतेचे सरासरी प्रमाण 49 टक्के निघाले. या आकड्याचा सर्वाधिक प्रचलित अर्थ, म्हणजे ‘आपला निम्मा स्वभाव आईवडिलांकडून आला’, हा चुकीचा आहे. एका विशिष्ट समाजात, विशिष्ट परिस्थितीत, लोकांमध्ये आढळणाऱ्या फरकांपैकी किती हिस्सा जनुकीय फरकांशी निगडित आहे, एवढेच तो सांगतो. परिस्थिती बदलली की आकडाही बदलतो.

हे समजून घ्यायला बडोद्याइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. सयाजीराव महाराजांनी 1893 मध्ये अमरेलीत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 मध्ये तो संस्थानभर लागू केला. त्यापूर्वी कोणते मूल वाचायला शिकते, हे बव्हंशी त्याची जात, घरची स्थिती आणि ते मुलगा आहे की मुलगी यांवरून ठरत असे. त्या काळी वाचनक्षमतेतील फरक मोजले असते, तर त्यात जनुकांचा वाटा नगण्य दिसला असता. शाळा सर्वांना सारखी खुली होत जाईल तसतसे परिस्थितीने निर्माण केलेले फरक कमी होतील आणि जनुकांचा वाटा वाढलेला दिसेल, यद्यपि एकाही मुलाचे जनुक बदललेले नसेल. नॉर्वेतील जुळ्यांच्या 1985 च्या अभ्यासात नेमके असेच आढळले : शिक्षणाच्या संधी विस्तारल्यानंतरच्या पिढीतील पुरुषांमध्ये शिक्षणाची आनुवंशिकता वाढलेली होती. म्हणून आनुवंशिकतेचा मोठा आकडा पाहून शिक्षणावरचा खर्च व्यर्थ आहे असे म्हणणारा मनुष्य त्या आकड्याचा अर्थच उलटा लावत असतो, आणि हे मला पुनःपुन्हा सांगावेसे वाटते.

या क्षेत्राने स्वतःच्या चुकाही मोठ्या प्रमाणात दुरुस्त केल्या आहेत. एकेकाळी नैराश्याचे किंवा आक्रमकतेचे एकेक ‘जनुक’ सापडल्याच्या बातम्या येत. मोठ्या नमुन्यांवर तपासल्यावर त्यांतील बहुतेक दावे टिकले नाहीत. 2018 मध्ये अकरा लाख लोकांच्या अभ्यासात शिक्षणाच्या वर्षांशी निगडित 1,271 जनुकीय स्थाने सापडली, पण त्या प्रत्येकाचा परिणाम अत्यंत सूक्ष्म होता. शिवाय ते सारे लोक युरोपीय वंशाचे होते, आणि अशा स्थानांचे सूक्ष्म परिणाम एकत्र करून काढलेली गुणांकने इतर वंशांच्या लोकांमध्ये बरीच कमी उपयोगी ठरतात. भारतीय विद्यार्थ्यासाठी ही उणीव म्हणजेच कामाची मोकळी जागा आहे.

मेंदूची बाजू यंत्रणा दाखवते आणि म्हणून ती सर्वांत ठोस वाटते. 1953 मध्ये अपस्मारावरील शस्त्रक्रियेत हेन्री मोलायसन यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पस या खोलवरच्या अवयवाचा बराच भाग काढला गेला. त्यानंतर त्यांना नव्या घटना लक्षात ठेवता येईनात, तरी आरशात पाहून रेखाटण्यासारखे नवे कौशल्य ते शिकू शकत होते. स्मृती एकसंध नसते, हे अशा एका रुग्णामुळे कळले. लंडनच्या टॅक्सीचालकांवरील अभ्यासांनी उलट दिशाही दाखवली : शहराचे रस्ते पाठ करण्याच्या दीर्घ सरावाने हिप्पोकॅम्पसच्या मागच्या भागात वाढ होते. मात्र मेंदूच्या रंगीत प्रतिमांवरून एखाद्याचा स्वभाव वाचण्याचा मोह धरू नये. मेंदूच्या रचनेचा व्यक्तिगत फरकांशी संबंध विश्वासार्हपणे दाखवायला हजारो माणसे लागतात, असे 2022 मध्ये स्पष्ट झाले आहे.

उत्क्रांतीची बाजू सर्वांत आकर्षक आणि सर्वांत निसरडी आहे. जीवशास्त्रज्ञ हॅमिल्टन यांनी 1964 मध्ये मांडलेला आप्तनिवडीचा नियम, म्हणजे स्वतः झीज सोसून नातेवाइकांना मदत करण्याची वृत्ती कधी टिकते हे सांगणारा नियम, गणितात बसतो आणि तपासता येतो. पुरुष असे का, स्त्रिया तशा का, याच्या घरबसल्या रचलेल्या कथा तपासता येत नाहीत. त्यातच, मानसशास्त्राच्या आघाडीच्या नियतकालिकांतील 96 टक्के नमुने पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले असल्याचे 2008 च्या एका पाहणीत दिसले होते, तेव्हा ‘मानवी स्वभाव’ हा शब्द जपून वापरलेला बरा. या बाजूचे खरे सामर्थ्य दुधाच्या उदाहरणात दिसते. बहुतेक सस्तन प्राण्यांची दूध पचवण्याची क्षमता वाढत्या वयात ओसरते. गुरे पाळून दूध पिणाऱ्या समाजांत ती टिकवणारे जनुकीय बदल पसरले. भारतात यांपैकी प्रमुख बदल युरोपात आढळणाराच आहे आणि तो देशाच्या वायव्येकडे अधिक आढळतो. येथे माणसाच्या वर्तनाने जनुकांना वळण दिले.

ज्यांचा निर्णय होत नाही त्यांना मी जनुकांच्या बाजूने सुरुवात करण्याचा सल्ला देईन, कारण तेथे संख्याशास्त्र टाळता येत नाही आणि तेच पुढे उर्वरित दोन्ही बाजूंचे दावे पारखायला कामी येते. ज्याला रुग्णांसोबत काम करायचे आहे त्याने मात्र हा सल्ला बाजूला ठेवून मानसशास्त्र आणि मेंदू यांकडेच सरळ जावे. उत्क्रांतीची ओढ असेल, तर पदवीला प्राणिशास्त्र घ्यावे आणि माणसाकडे वळण्यापूर्वी एखाद्या पक्ष्याचे किंवा कीटकाचे वर्तन प्रत्यक्ष निरीक्षणातून अभ्यासावे. तेथे गृहीतक खोटे ठरले तर ते मान्य करणे तुलनेने सोपे असते.