‘थांबून घ्या’ अँटिबायोटिक चिठ्ठी: सोय चांगली, सूचना लंगड्या

डॉक्टर चिठ्ठी देतात, पण गोळ्या लगेच सुरू करायच्या नसतात. घसा, कान, सायनस, खोकला यांसाठी ही सोय उत्तम. न्यूमोनियाची शंका किंवा कमी प्रतिकारशक्ती असेल तर नकोच. रुग्णांवर झालेल्या अभ्यासांच्या एकत्रित आकड्यांत लगेच सुरू करायच्या चिठ्ठीवर सुमारे 93% रुग्णांनी औषध घेतलं, थांबायला सांगितल्यावर 31%.

सगळी मदार सूचनांवर. ‘बरं वाटलं नाही तर घ्या’ हे अर्धवट काम झालं. आजार साधारण किती चालतो ते लिहून हवं: कानदुखी 3 दिवस ते आठवडा, घसा आठवडाभर, सायनस 2-3 आठवडे, खोकला 3 आठवडे. तेवढ्यात उतार नाही किंवा त्रास स्पष्ट वाढला, तरच गोळ्या. कफ हिरवा झाला (हे फार ऐकू येतं) एवढं कारण पुरत नाही. दम लागला, छातीत दुखलं, थुंकी गिळता येईना, तर चिठ्ठी बाजूला ठेवून थेट डॉक्टरांकडे.

चिठ्ठी हातात द्या, पुढची तारीख टाका की नंतर न्यायला सांगा, वापरात फारसा फरक दिसत नाही. मोठी उणीव वेगळीच: न वापरलेली चिठ्ठी घरात पडून राहते आणि पुढच्या सर्दीला भलताच कुणी वापरतो. चिठ्ठीवर शेवटची तारीख हवी.