ग्रीसची बेटं आणि प्राचीन अवशेष: छोटं जहाज, फेरी की मोठी क्रूझ?

ग्रीसमधल्या मायकोनोसजवळच्या, प्राचीन अवशेषांच्या डिलोस बेटावर मुक्काम करता येत नाही. तिथे गाव नाही, हॉटेल नाही; पहारेकरी आणि उत्खननाची मंडळी सोडली तर संध्याकाळी बेट रिकामं. ग्रीक देव अपोलो इथे जन्मला अशी श्रद्धा, म्हणून इ. स. पू. 426 मध्ये अथेन्सकरांनी इथल्या कबरी उकरून शेजारच्या रेनिया बेटावर हलवल्या आणि पुढे इथे कुणी जन्मायचं नाही, मरायचं नाही असा दंडक घातला. ग्रीसला कसं फिरायचं असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, डिलोसला किती वाजता पोचणार?

मोठ्या क्रूझचं उत्तर बहुधा वाईट असतं. तीन-चार रात्रींच्या काही क्रूझ मायकोनोसला संध्याकाळी लागतात, तोवर तिथून डिलोसला नेणारी शेवटची बोट निघून गेलेली असते. शिवाय 2025 पासून सँटोरिनीत दिवसाला 8,000 क्रूझ प्रवाशांची मर्यादा आहे आणि ऐन हंगामात सँटोरिनी-मायकोनोसला माणशी 20 युरो कर. तरीही गुडघे दुखणारे आईवडील बरोबर असतील तर मी मोठंच जहाज सुचवेन. लिफ्ट आहे, डॉक्टर आहे, जहाज फार डोलत नाही. अवशेष मात्र धावतपळत बघायचे.

खरी तुलना छोटं जहाज आणि फेरी (बेटांमधली नेहमीची प्रवासी बोट) यांची. मी दोन्ही केलंय.

छोटं जहाज म्हणजे तीस ते पन्नास माणसांचं. चढताना फळीपाशीच चपला टोपलीत टाकायच्या, पुढे अनवाणी. आम्हाला त्यात काही नवल वाटलं नाही. सोबतचे जर्मन आजोबा मात्र पहिले दोन दिवस मोजे घालून घसरत होते. मायकोनोसच्या बोटी यायच्या आत आम्हाला डिलोसच्या धक्क्यावर उतरवलं. सव्वा तास बेट जवळजवळ आमचंच होतं. ‘डॉल्फिनचं घर’ म्हणतात त्या प्राचीन घरातली चित्रांची फरशी बघायला तेवढा वेळ हवाच. तिच्या चारही कोपऱ्यांत डॉल्फिनच्या जोड्या आहेत आणि त्यांच्यावर स्वार झालेली चिमुकली पंखवाली पोरं. आणि आपण दारात रांगोळी काढतो तसं प्रवेशाशीच भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरच्या फिनिशियन लोकांची देवी तानित, तिचं चिन्ह, खड्यांनी जडवलेलं. फरशी घडवणाऱ्याने सही केली आहे, तोही सीरियाच्या किनाऱ्यावरच्या अराडोसचा. हे बंदर किती देशांचं होतं ते इतकं सरळ दुसरीकडे कळत नाही. संगमरवरी सिंहांच्या रांगेसमोरचं पवित्र तळं मात्र हिवतापामुळे विसाव्या शतकात बुजवलं, आता तिथे एक ताडमाड उभा आहे. (रांगेतले सिंह नकला आहेत, अस्सल संग्रहालयात.)

पण या सुखाला वाऱ्याची अट आहे. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा सुटतो. आभाळ निरभ्र, ऊन लख्ख आणि बोट मात्र हेलकावे खातेय. आमच्या जहाजावर एका रात्री टेबलक्लॉथ ओला करून अंथरला होता, ताटं सरकू नयेत म्हणून. बोट लागणाऱ्याने ऑगस्टात या भानगडीत पडू नये. कप्तान नाश्त्याला येऊन शांतपणे सांगतो, आज डिलोस नाही. त्यावर वाद घालता येत नाही.

फेरीही थांबते. वारा फार वाढला की बंदराचे अधिकारी जहाजं सोडतच नाहीत. पावसाळ्यात आपल्या मांडव्याच्या लाँच बंद होतात, तसंच. फरक इतकाच की फेरीवाला माणूस बेटावरच्या खोलीत अडकतो, केबिनमध्ये नाही. म्हणून फेरीने जाणाऱ्याने परतीच्या विमानाआधीची रात्र अथेन्सलाच काढावी.

फेरीने जायचं तर मुक्कामाला नॅक्सोस बेट घ्या, मायकोनोस नको. अथेन्सच्या पिरेअस बंदराहून मोठी फेरी साधारण पाच-साडेपाच तासांत पोचवते आणि डेकवर उभं राहता येतं. वेगवान बोटीत आत बसून राहावं लागतं. नॅक्सोसच्या धक्क्यावरूनच पोर्तारा दिसतो, अपोलोच्या अर्धवट राहिलेल्या देवळाची संगमरवरी चौकट. तिकीट नाही, वेळेचं बंधन नाही. आम्ही चार संध्याकाळी गेलो. बेटाच्या उत्तर टोकाला अपोलोनासच्या खाणीत दहा मीटरहून लांब पुतळा घडता घडता सोडून दिलेला, आडवा पडलाय. त्याच्या पोटावर चढू नका असं सांगावं लागतं, लोक चढतात. आणि उन्हाळ्यात नॅक्सोसहूनही डिलोसच्या दिवसभराच्या सहली निघतात, म्हणजे तेही हुकत नाही. फक्त गर्दीत बघावं लागतं.

सँटोरिनीत छोट्या जहाजाचा विशेष फायदा नाही. ज्वालामुखीच्या त्या विवरात पाणी इतकं खोल की नांगर टाकणं अवघड, आणि जुन्या बंदरावर उतरलात तर वर कड्यावरच्या फिरा या गावाला जायला केबल कार किंवा 588 पायऱ्या. अक्रोतिरी मात्र चुकवू नका. साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाच्या राखेत गाडलं गेलेलं हे गाव छताखाली आहे, म्हणून भर दुपारी तिथे जावं आणि सकाळ दुसऱ्या कशासाठी राखावी.

पैशाचं बोलायचं तर छोट्या जहाजाचा आठवडा फेरी आणि खोल्यांच्या दुप्पट-तिप्पट सहज जातो. त्यात बंदराचे कर, गाइड आणि बरीचशी रात्रीची जेवणं बहुधा वेगळी. ती जेवणं बाहेरच बरी. शाकाहाऱ्यांची उपासमार होत नाही: सँटोरिनीचा फावा म्हणजे आपलं घट्ट वरणच, वर कांदा आणि ऑलिव्हचं तेल.

इतके पैसे मी सायक्लेड्स बेटांसाठी (म्हणजे डिलोस, मायकोनोस, नॅक्सोस, सँटोरिनीचा हा समूह) पुन्हा घालणार नाही. घातले तर दक्षिण ग्रीसमधल्या पेलोपोनीज द्वीपकल्पाभोवतीच्या जहाज-सफरीसाठी: नाफ्प्लिओला उतरून मायसीनी आणि एपिदाव्रोस ही प्राचीन स्थळं, पुढे मोनेमवासिया, आणि कोरिंथचा कालवा. 1893 मध्ये खुला झालेला हा कालवा जेमतेम पंचवीस मीटर रुंद, त्यामुळे आजची मोठी क्रूझ त्यात शिरतच नाही. मात्र दरडी कोसळल्याने तो अधूनमधून बंद राहिलाय, तेव्हा तुमच्या तारखांना चालू आहे का ते आधी विचारा. मायसीनी-एपिदाव्रोस अथेन्सहून बसनेही होतात. कालवा जहाजानेच.

आणखी एक, भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी. मार्गात तुर्कस्तानचं कुशादासी असेल, म्हणजे एफिसस या प्राचीन शहराचे अवशेष, तर शेंगेन व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा लागतो आणि तुर्कीचा व्हिसा वेगळा. बुकिंग करताना हे कुणी आपणहून सांगत नाही. त्याच फोनवर दुसरंही विचारून घ्या: डिलोसला तुमचं जहाज स्वतः लागतं, की मायकोनोसला उभं राहून सगळ्यांना सार्वजनिक बोटीत बसवतात? दुसरं असेल, तर नॅक्सोसची खोली बघा.