वाढदिवस आणि हॅलोविन: एकाच रात्री, की दोन वेगळ्या रात्री?

माझ्या धाकट्या बहिणीचा जन्म ३१ ऑक्टोबरचा, म्हणजे पाश्चात्त्य देशांत लोक चित्रविचित्र वेश करून साजरा करतात त्या हॅलोविनच्या दिवशीचा. ती आधी लंडनला आणि मग न्यूयॉर्कला राहायला गेली. तेव्हापासून सप्टेंबर संपत आला की तिचा फोन ठरलेला: "ताई, यंदा वाढदिवस हॅलोविनच्या रात्रीच क्लबमध्ये करायचा, की वेगळी रात्र धरायची?" आम्ही दोन्ही करून पाहिलंय, आणि दोन्ही वेळा मी तिच्यासोबत होते. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात जन्मलेल्या कुणालाही हा पेच पडतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगून टाकते. शहर, तिकीट, पोशाख हे सगळं नंतर. आधी ज्याचा वाढदिवस आहे त्याचा स्वभाव बघा. हॅलोविनच्या रात्री क्लबमधला प्रत्येक जण नटून आलेला असतो आणि प्रत्येकालाच कुणीतरी बघायला हवं असतं. त्या गर्दीत वाढदिवसाचा माणूस हरवतो. काहींना नेमकं तेच हवं असतं. माझी एक मैत्रीण केक कापताना चारचौघांनी गाणं म्हटलं तरी अवघडते. तिच्यासाठी हॅलोविनची रात्र म्हणजे वरदान आहे. मित्र जवळ असतात, नाच मनसोक्त होतो आणि कुणी हात धरून स्टेजवर ओढत नाही. माझ्या बहिणीचं उलट आहे. तिला तिचा दिवस तिचा म्हणून साजरा झालेला आवडतो, आणि त्यात गैर काहीच नाही.

न्यूयॉर्कची रात्र आधी सांगते. संध्याकाळ अप्रतिम गेली. तिथे १९७४ पासून हॅलोविनची मिरवणूक निघते, आता सिक्स्थ अॅव्हेन्यूवरून. वेश करून आलेला कुणीही तिच्यात चालू शकतो. माणसांच्या दुप्पट उंचीच्या बाहुल्या, ढोलताशांसारखी दणाणणारी वाद्यपथकं, आणि मध्येच आपण. बहिणीने विदूषकाचा चेहरा रंगवला होता, कपाळापासून गळ्यापर्यंत पांढरा. मिरवणुकीत तो शोभला, क्लबच्या दारावर मात्र नडला. रखवालदाराने टॉर्च आधी ओळखपत्रावर मारला, मग तिच्या तोंडावर, मग पुन्हा ओळखपत्रावर. शेवटी तिने ओल्या टिश्यूने कपाळ, नाक आणि हनुवटीचा एक पट्टा पुसून दाखवला तेव्हा कुठे आत सोडलं. उरलेली रात्र तिचा चेहरा मधोमध उघडा आणि दोन्ही बाजूंना पांढरा. मागे रांग ताटकळत होती, त्यामुळे त्या माणसाला दोष देत नाही. पण तुम्ही जाणार असाल तर मुखवटा काढता येईल असाच घ्या आणि रंग लावायचा तर अर्धा चेहरा मोकळा ठेवा. हातातली खोटी तलवार, भाला, काठी दारातच काढून घेतात. मोठे पंख लावले तर ते कुठे ठेवायचे याचाही विचार करा, कारण क्लोकरूमला त्या रात्री वेगळी रांग असते.

आत पोचेपर्यंत साडेअकरा झाले होते. मोठ्या शहरांतले क्लब भरतातच बारानंतर. म्हणजे खरी रंगत सुरू झाली तेव्हा ३१ तारीख संपत आली होती! बाराला कुणीतरी माइकवरून ओरडलं, ते हॅलोविनसाठी. पहाटे सबवेत माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ती म्हणाली, "ताई, माझा वाढदिवस होता ना गं आज?"

हा तारखेचा हिशोब बहुतेकांच्या लक्षात येत नाही, म्हणून ठासून सांगते. वाढदिवस १ नोव्हेंबरचा असेल तर हॅलोविनच्या पार्टीत बाराचा ठोका तुमचाच, दोन्ही एकत्र करायला याहून चांगला योग नाही. ३१चा असेल तर तुमचे बारा आदल्या रात्री वाजून गेलेले असतात. आणि ३०चा किंवा त्याआधीचा असेल, तर एकत्र करायचं खास कारणच उरत नाही.

लंडनची रात्र अगदी वेगळी होती. हॅलोविनच्या आधीचा गुरुवार, नऊ जण, एका तळघरातल्या छोट्या क्लबमध्ये कोपऱ्यातलं टेबल. डीजेला आधी दोन ओळींचा मेल पाठवला होता. त्याने तिचं आवडतं गाणं बाराच्या आत लावलं आणि आम्ही नऊच्या नऊ जण उठून नाचलो. अनोळखी माणसंही आमच्यात सामील झाली, कारण त्या खोलीत त्या रात्री दुसरं कसलं निमित्त नव्हतं. तोटा एकच, घरी परतण्याचा. लंडनची रात्रभर चालणारी भुयारी रेल्वे फक्त शुक्रवारी आणि शनिवारी धावते, तीही पाचच मार्गांवर. गुरुवारी रात्रीच्या बसवर विसंबावं लागतं. न्यूयॉर्कमध्ये सबवे रोजच चोवीस तास चालते, तिथे ही काळजी नाही. लंडनलाच मोठा क्लब हवा असेल तर फॅरिंग्डनचं फॅब्रिक बघा. ते ऑक्टोबर १९९९ मध्ये सुरू झालं, म्हणजे त्याचाही वाढदिवस त्याच महिन्यातला. तिथल्या मोठ्या खोलीतली जमीनच बेसबरोबर थरथरते. तो अनुभव कानांपेक्षा पोटऱ्यांना आधी कळतो.

पैशाचं बोलायचं तर टेबलाचा जाहीर आकडा आणि हातात पडणारं बिल यांत न्यूयॉर्कमध्ये बरीच तफावत असते. समजा क्लबने मिनिमम स्पेंड, म्हणजे त्या टेबलावर करायचा किमान खर्च, १,००० डॉलर सांगितला. त्यावर ८.८७५ टक्के विक्रीकर, म्हणजे ८८.७५ डॉलर. वर २० टक्के टिप, म्हणजे आणखी २००. झाले १,२८८.७५. आठ जणांत माणशी १६१ डॉलर. लंडनमध्ये लिहिलेल्या किमतीत कर आधीच धरलेला असतो आणि सेवाशुल्क साधारण १२.५ टक्के लावतात, त्यामुळे १,००० पौंडांचे १,१२५ होतात. बुकिंग करतानाच सगळं धरून किती होईल हे लेखी विचारा, आणि मित्रांना तोच आकडा कळवा. बिल आल्यावर एकमेकांकडे बघत बसण्यासारखं वाईट काही नाही. हॅलोविनच्या रात्री टेबलं महाग आणि गेस्ट लिस्ट (आधी नाव देऊन फुकट किंवा स्वस्तात आत जायची यादी) बंद, हे गृहीतच धरून चाला. एरवीच्या रात्री "आज वाढदिवस आहे" म्हटल्यावर ज्या सवलती मिळतात, त्या हॅलोविनला मागूही नका.

ग्रुपमध्ये कुणी विशीतलं असेल तर वयाचं आधी बघा. न्यूयॉर्कमध्ये दारूसाठी २१ पूर्ण लागतात, टोकियोत २०, लंडनमध्ये १८, आणि बर्लिनमध्ये कडक दारूसाठी १८. लंडनमध्ये पंचविशीच्या आतले दिसत असाल तर ओळखपत्र मागणारच.

बर्लिनचं आकर्षण अनेकांना असतं, पण या दोन्ही निमित्तांसाठी मी ते सुचवणार नाही. बेर्गहाइन हा तिथला सगळ्यात नावाजलेला क्लब, जुन्या वीजकेंद्राच्या इमारतीतला. आत जाताना फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवतात, म्हणजे वाढदिवसाचा एकही फोटो मिळणार नाही. नटूनथटून, हसतखिदळत आलेल्या घोळक्याला दारातून परत पाठवण्याची शक्यताही तिथे जास्त. एक मात्र लक्षात ठेवा: जर्मन लोक वाढदिवसाच्या शुभेच्छा आधी देणं अशुभ मानतात. बारा वाजेपर्यंत थांबतात आणि मग मिठ्या मारतात. म्युनिकला जायचा विचार असेल तर १ नोव्हेंबरला बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे, सर्व संतांचा शांत सण असतो आणि पहाटे दोनपासून सार्वजनिक नाचावर बंदी येते. हॅलोविनची रात्र तिथे ऐन रंगात असताना थांबते.

टोकियोत क्लब ठीक, रस्ता नको. तिथल्या शिबुया भागाच्या प्रशासनाने २०२३ मध्ये हॅलोविनसाठी इथे येऊ नका असं जाहीर आवाहनच केलं होतं, आणि त्या भागात रात्री रस्त्यावर दारू प्यायला आता बारा महिने बंदी आहे. शेवटची गाडी मध्यरात्रीच्या सुमारास आणि पहिली पहाटे पाचच्या आसपास. आत गेलात की पहाटेपर्यंत आतच राहायच्या तयारीने जा.

शिबुयाची ही धास्ती उगाच नाही. २९ ऑक्टोबर २०२२ ला दक्षिण कोरियात, सोल शहराच्या इथेवॉन भागात, हॅलोविनच्या आधीच्या शनिवारी, एका अरुंद उताराच्या गल्लीत गर्दीत चेंगरून १५९ माणसं गेली. त्यातली बहुतेक तरुण होती. हे मी घाबरवायला लिहीत नाही, पण पार्टीच्या यादीत ही एक ओळ असलीच पाहिजे: आत शिरल्यावर दुसरा दरवाजा कुठे आहे ते बघून ठेवायचं. गर्दीत हात छातीपुढे घेता येत नाहीत इतकी दाटी झाली तर गाणं कितीही आवडतं असो, तेव्हाच कडेला सरकायचं.

दुसरी धास्ती आगीची, आणि इथे वाढदिवस आणि हॅलोविन एकत्र आले की धोका वाढतो. वाढदिवसाच्या टेबलावर बाटलीला फुलबाजीसारखी ठिणग्या उडवणारी नळी लावून आणायची पद्धत अनेक क्लबांत आहे. आजूबाजूला नायलॉनचे विग, कापसाचे कोळ्याचे जाळे, लोंबणारे झगे. २००३ मध्ये अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या 'द स्टेशन' क्लबमध्ये मंचावरच्या आतषबाजीने भिंतीवरचा फोम पेटला आणि १०० जण गेले. ३० ऑक्टोबर २०१५ ला बुखारेस्टच्या कोलेक्टिव्ह क्लबमध्येही आतषबाजीच्याच ठिणग्यांनी फोम पेटला. म्हणून बुकिंगच्या मेलमध्ये आम्ही सरळ लिहितो: ठिणग्या नकोत, बॅटरीचा दिवा चालेल. आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

एक गंमत घड्याळाची. २०२६ मध्ये ३१ ऑक्टोबर शनिवारी येतो, आणि अमेरिकेत त्याच रात्री दोन वाजता उन्हाळी वेळ संपून घड्याळ एक तास मागे जातं. म्हणजे न्यूयॉर्कमध्ये त्या रात्री दीड दोनदा वाजेल. "दीडला दाराशी भेटू" असं ठरवाल तर निम्मे एका दीडला येतील आणि निम्मे दुसऱ्या. लंडन आणि बर्लिनला हा जादा तास आठवडाभर आधी मिळतो, २४ तारखेच्या शनिवारच्या रात्री. हॅलोविन बाजूला ठेवून मोठी रात्र करायची असेल, तर त्या दोन शहरांत हीच रात्र घ्या.

आमचं यंदाचं ठरलंय. शुक्रवारी, ३० तारखेला, न्यूयॉर्कमध्ये सहा जणांचं छोटं टेबल. त्या रात्रीही बहुतेक मोठे क्लब हॅलोविनच करणार, म्हणून वेशभूषेची रात्र नसलेली जागा बहिणीनेच शोधली आहे. बारा वाजता ३१ तारीख लागेल ती तिची. शनिवारी मिरवणुकीत चालायचं आणि दहाच्या आत घरी. यंदा ती दीपस्तंभ होणार म्हणते, चेहऱ्याला रंग न लावता.